वाडा, चाळ, कौलारू घर आणि टॉवर : एसी बसवण्यापूर्वी घर कसे पाहावे

एसी घ्यायचे ठरले की बहुतेक घरांत चर्चा सुरू होते ती एक टन की दीड टन आणि थ्री स्टार की फाइव्ह स्टार यावरून. भिंत कशाची आहे, छप्पर कसले आहे आणि आउटडोअर युनिट कुठे राहणार, हे प्रश्न मात्र खोके दारात येऊन पडल्यावर आणि बसवणारा ड्रिल घेऊन उभा राहिल्यावर निघतात. बसवण्याची प्रचलित पद्धत ही आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) चौकटीच्या, विटांच्या भिंतींच्या फ्लॅटला धरून ठरलेली आहे, आणि महाराष्ट्रातली असंख्य घरे तशी नाहीत. म्हणून आधी घर नीट पाहावे, मग दोन्ही युनिटच्या जागा व वायरिंग ठरवावे, आणि मशीन सर्वांत शेवटी निवडावे, असा माझा आग्रह असतो.

टनाचा हिशेब थोडक्यात समजून घेऊ. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. ती ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक), म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट भरते. वर आणखी एक मजला असलेल्या, नऊ-दहा फूट उंचीच्या १०० ते १२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन आणि १५० ते १८० चौरस फुटांना दीड टन हे ढोबळ माप ठीक आहे. डोक्यावर थेट तापणारा स्लॅब असेल, पश्चिमेची भिंत उघडी असेल किंवा छत बारा फुटांवर असेल, तर मात्र हे माप कमी पडते. अशा वेळी मोठे मशीन घेण्याआधी गच्चीवर पांढरा उष्णतारोधक लेप किंवा चायना मोझेक (चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी) करता येईल का, ते पाहावे. तो खर्च एकदाच होतो, मोठ्या मशीनचे बिल मात्र दर महिन्याला येते.

घर कोणतेही असो, एसीसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी. दीड टनासाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (भार वाढल्यास आपोआप पडणारा स्विच) आणि खरे, म्हणजे तपासून घेतलेले अर्थिंग एवढे तरी असावेच. जुन्या घरांत लाकडी पट्टीवरून नेलेली बारीक वायर असते आणि प्लगचे तिसरे भोक कित्येकदा कुठेच जोडलेले नसते. त्याच वायरवर एसी चालवला तर ती आतून तापत राहते आणि कुणाला काही कळत नाही. वीजबिलावर छापलेला मंजूर भारही पाहावा आणि तो अपुरा असेल, तर एसी आणण्याआधी वाढवून घ्यावा.

आता वाड्यांकडे येऊ. पुण्यातल्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांत खालचा मजला दगडाचा किंवा चुन्यातल्या पक्क्या विटांचा असतो, पण वरच्या मजल्यांवर सगळा भार लाकडी खांब आणि तुळयांवर असून मधली भिंत विटा व मातीने भरलेली असते. अशाच एका वाड्यात दुसऱ्या मजल्यावर भोक पाडताना मी उभा होतो. प्रथम चुन्याची पांढरी पूड आली, मग विटेची तांबडी, आणि चार-पाच इंच आत गेल्यावर ड्रिल पिठात शिरावे तसे अलगद आत गेले. नंतर ड्रिल बाहेर काढले तरी माती गळतच राहिली, आणि शेवटी त्या भोकात चिंध्या कोंबून काम थांबवावे लागले. अशा भिंतीत पाणी सोडत चालणारे कोअर कटिंग (गोल पात्याच्या यंत्राने भोक कापणे) मुळीच करू नये, कारण पाण्याने आतली माती विरघळते आणि पोकळी भोकापेक्षा मोठी होते. कोरड्या ड्रिलने, बेताबेताने भोक पाडावे, आत पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवावा आणि कडा सिमेंटऐवजी चुन्याच्या मसाल्याने भराव्यात. भोकाचा उतार नेहमी बाहेरच्या बाजूला हवा.

इनडोअर युनिटचे वजन दहा किलोच्या आसपास असते, पण मातीच्या भिंतीत तेवढ्यालाही फास्टनर धरत नाही. दोन खांबांमध्ये जाड फळी आडवी बसवून तिच्यावर पत्र्याची पट्टी लावावी, म्हणजे वजन लाकडावर येते. आउटडोअर युनिट मात्र भिंतीवर टांगूच नये, कारण तीसेक किलोच्या वजनापेक्षा त्याची सततची थरथर जुन्या भिंतीला अधिक जाचते. चौकात किंवा मागच्या अंगणात लोखंडी स्टँडवर, खाली रबराचे तुकडे देऊन ते ठेवावे. मशीनसोबत बहुधा तीन मीटर तांब्याचा पाइप येतो आणि इथे तो हमखास कमी पडतो. जास्तीचा पाइप किती चालेल आणि मीटरमागे किती ग्रॅम गॅस वाढवायचा, हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेले असते; ते वाचूनच ठरवावे, अंदाजाने गॅस भरू देऊ नये. कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेल्या छताच्या, फटींतून गार हवा वर निघून जाते, त्यामुळे त्या आधी बुजवाव्यात. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर परवानगी आणि आपण भाडेकरू असू तर मालकाची लेखी संमती घेतल्याशिवाय भिंतीला हात लावू नये.

कोकणातले कौलारू घर ही याहून वेगळी गोष्ट आहे. तिथे अडचण भिंतीपेक्षा छपराची असते. वासे आणि रिपा यांवर कौले केवळ रचलेली असतात, त्यांच्या सांध्यांतून हवा सतत खेळत असते, आणि त्यामुळेच ते घर एरवी सुखाचे वाटते. नेमक्या याच गुणामुळे खालून कौले दिसणाऱ्या खोलीत एसी लावणे व्यर्थ ठरते, मग तो दोन टनांचा का असेना. एसीसाठी आधी वर माळा असलेली खोली निवडावी. बहुतेक घरांत ती माजघराच्या आसपास असते आणि दुपारीही ओटी-पडवीपेक्षा गार असते. माळा नसेल तर खोटे छत करावे लागते. दमट हवेत जिप्सम फुगते, म्हणून पीव्हीसी किंवा सिमेंट बोर्ड वापरावे, त्यावर उष्णतारोधक थर द्यावा आणि छत व कौले यांच्यामधली हवा बाहेर जाण्याची वाट खुली ठेवावी. हे छत वाशांना न टांगता भिंतीवर टेकलेल्या स्वतंत्र चौकटीवर असावे, कारण दरवर्षी पावसाआधी शाकारणी करताना माणसे वर चढतात, कौले काढतात आणि पुन्हा लावतात. त्या वेळी वाशांना बसणारे हिसके छतापर्यंत पोहोचता कामा नयेत.

भिंत जांभ्याची असते. चिरा बाहेरून खणखणीत दिसतो, पण आतून सच्छिद्र असतो, आणि फास्टनर आवळू लागले की त्याच्याभोवतीचा दगड चुरडतो. एका घरी आम्ही चार फास्टनर मारून स्टँड लावला आणि खात्री करायची म्हणून हाताने ओढून पाहिला, तर तांबड्या भुकटीसकट दोन फास्टनर सरळ हातात आले. तेव्हापासून जांभ्यात एक तर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या द्याव्यात, किंवा त्याहून बरे म्हणजे अंगणात फूटभर उंच चौथरा बांधून आउटडोअर त्यावर ठेवावे, असे मी सांगतो. चौथरा पागोळ्यांच्या रेषेवर येऊ देऊ नये. हे युनिट पावसात राहण्यासाठीच बनवलेले असते, त्याला पाण्याचे भय नाही, पण पागोळ्यांनी उडणारा तांबडा चिखल कॉइलच्या पात्यांत बसला की हवा जायला वाटच राहत नाही. समुद्र जवळ असेल तर खारा वाराही पाती आणि स्क्रू खातो. म्हणून लेप दिलेल्या पात्यांचे, तांब्याच्या कॉइलचे मशीन आणि गॅल्व्हनाइज्ड स्टँड घ्यावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी वीज बंद करून कॉइल गोड्या पाण्याने धुवावी. गावात व्होल्टेज कमी-जास्त होत असेल, तर मशीनला सोसणाऱ्या व्होल्टेजची मर्यादा पाहूनच स्टॅबिलायझरचा निर्णय घ्यावा.

मुंबईच्या चाळींत जागा हाच मुख्य प्रश्न आहे. बीडीडी चाळीतल्या जुन्या खोल्या १६० चौरस फुटांच्या, आणि त्यातच स्वयंपाक. आउटडोअर युनिट गॅलरीत ठेवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. गॅलरी ही सगळ्यांची वाट असते, आगीच्या वेळी सुटकेचा मार्गही तोच, आणि आपल्या खोलीतली उष्णता शेजाऱ्याच्या दारात सोडणे योग्य नाही. मागच्या भिंतीला खिडकी असेल तर विंडो एसी हाच इथला सरळ उपाय आहे. त्याचे वजन पन्नास किलोच्या घरात जाते, म्हणून ते जुन्या लाकडी चौकटीवर न टाकता खालून भिंतीत पक्क्या बसवलेल्या अँगलवर घ्यावे आणि मशीन बाहेरच्या बाजूला किंचित कलते ठेवावे. फोडणी देताना एसी बंद ठेवावा. तेलकट वाफ फिल्टरवर बसली की आठवड्याभरात गारवा कमी होतो. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) किंवा दुरुस्तीला आलेल्या इमारतीत भिंत फोडण्याआधी रीतसर परवानगी घ्यावी.

पत्र्याच्या घरात सगळा पैसा आधी छताखाली घालावा. पत्र्यापासून चार-पाच इंच पोकळी सोडून चकचकीत फॉइलचा उष्णतारोधक थर आणि त्याखाली सिमेंट शीट लावावी. थर्मोकोल उघडा ठेवू नये, तो झटकन पेटतो.

नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, आणि खोक्यावरची क्षमता मात्र बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. जास्त तापमानात ती घटते, म्हणून ४६ किंवा ४८ अंशांना मशीन किती क्षमता देते, ते मॉडेलच्या पुस्तिकेतल्या तक्त्यात पाहूनच घ्यावे. आउटडोअरवर सावली करावी, पण तीन बाजू मोकळ्या सोडाव्यात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तिथे कूलरही उत्तम काम देतो. तोच कूलर मुंबईच्या दमट हवेत निरुपयोगी ठरतो. मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरांत मातीच्या छतावर युनिट ठेवू नये. वजन आणि दुरुस्तीसाठी होणारी ये-जा, दोन्हींनी छत गळू लागते.

नव्या टॉवरमध्ये सगळे सोपे असेल, असे वाटते. पण ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, म्हणजे मायवन पद्धतीच्या इमारतींत खोलीची भिंतही सळ्या घातलेल्या काँक्रीटची असते आणि तीच इमारतीचा भार पेलते. तिथे कोअर कटिंग करणे म्हणजे इमारतीच्या हाडाला भोक पाडणे होय. बिल्डरने सोडलेल्या स्लीव्हमधूनच (पाइपसाठी भिंतीत आधीच ठेवलेल्या नळीतूनच) पाइप न्यावा, आणि ती सापडत नसेल तर सोसायटीकडून नकाशा मागवावा. साध्या आरसीसी इमारतीतही तुळई आणि कॉलम सोडूनच भोक घ्यावे. भिंतीत आधीच गाडलेला तांब्याचा पाइप असेल, तर त्याचे माप आपल्या मशीनशी जुळते का ते पाहावे आणि नायट्रोजनचा दाब देऊन गळती तपासावी. सगळ्या मजल्यांची आउटडोअर एकाच अरुंद डक्टमध्ये (इमारतीतल्या उभ्या पोकळीत) असतील, तर खालची गरम हवा वर साठते. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी तरी बाहेरच्या मोकळ्या बाजूची जागा मागावी.

जोडणीच्या वेळी स्वतः उभे राहावे. बसवणाऱ्याने व्हॅक्यूम पंप आणला आहे का, ते विचारावे. पाइपमधली हवा व ओलावा पंपाने किमान पंधरा-वीस मिनिटे ओढून काढायचा असतो. थोडा गॅस सोडून हवा ढकलून देणे ही चुकीची सवय आहे. आर-३२ हा गॅस सौम्य ज्वलनशील आहे, त्यामुळे सांधे शक्यतो खोलीबाहेर असावेत आणि प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. मशीन सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आत ओढली जाणारी आणि बाहेर फेकली जाणारी हवा यांच्या तापमानांत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक यायला हवा. शेवटी इनडोअरच्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी हळूहळू ओतावे आणि ते सगळे ड्रेन पाइपच्या टोकाशी पडेपर्यंत बसवणाऱ्याला थांबवून घ्यावे. वापरलेल्या पाइपची लांबी आणि वाढवलेल्या गॅसचे ग्रॅम त्याच्याकडून बिलावर लिहून घ्यावेत. पुढच्या दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला हे दोन आकडे लागतात.