जपमाळ आरशाला टांगली, झालं? आशीर्वादित वस्तूंबाबत या चुका टाळा

मावसभावाने गाडी घेतली त्याच आठवड्यात फादरांकडून जपमाळेवर आशीर्वाद घेतला आणि ती आरशाला टांगली. दुसऱ्या उन्हाळ्यात वर्धा रोडवर गाडी ठोकली. निभावलं बंपरवर. "जपमाळ लटकून होती ना बे, मंग कसं झालं?" हा त्याचा प्रश्न. मी माळ काढून हातात घेतली. काचेकडचे मणी उन्हाने पांढुरके पडलेले, 59 पैकी दोन गळालेले. कधी गळाले, त्याला पत्ताच नाही. टांगल्यापासून ती बोटांत आलीच नव्हती.

ताईत समजणं, ही सगळ्यांत मोठी चूक. बाप्तिस्मा, ख्रिस्तप्रसाद अशा सात साक्रामेंतांची (चर्चच्या पवित्र संस्कारांची) गोष्ट वेगळी. तिथे ख्रिस्त स्वतः कार्य करतो. जपमाळ, क्रूस, मेडल, पवित्र पाणी यांच्यामागे चर्चची प्रार्थना असते. कृपा स्वीकारायला त्या आपल्याला तयार करतात. मन बाजूला ठेवून नुसत्या बाहेरच्या कृतीवर भिस्त ठेवणं म्हणजे अंधश्रद्धा, असं कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षणग्रंथच (परिच्छेद 2111) सांगतो. आरशाला माळ लावू नका असं नाही. पण किल्ली फिरवण्याआधी एक 'नमो कृपापूर्ण मरिये' तरी म्हणा. आणि हेल्मेट, सीटबेल्ट लावा, बाप्पा!

पवित्र पाण्याची बाटली खिडकीत ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात प्लास्टिकच्या बाटलीत बघता बघता हिरवा थर धरतो. मग कोणी ते बेसिनमध्ये ओततं, कोणी तसंच कपाळाला लावतं. खराब झालं तर तुळस-मोगऱ्याच्या कुंडीत, पाय पडणार नाही अशा मातीत ओता. थोडंच आणा, वापरा. नागपुरात सदर भागातल्या कॅथेड्रलच्या दारात बोटं बुडवून क्रुसाची खूण करतो, ती आपला बाप्तिस्मा आठवावा म्हणून. घरातही तेवढंच पुरे.

तुटलेल्या मूर्तीचं काय? इथे आपली सवय आडवी येते: पिशवीत बांधायची आणि फुटाळा तलावात सोडायची. कॅथलिक रीत तशी नाही. जळण्यासारखी वस्तू जाळून राख पुरायची, बाकीची थेट जमिनीत पुरायची. प्लास्टिकची माळ जाळाल तर धुराने घर भरेल, ती पुराच. फ्लॅटमध्ये अंगण नसेल तर चर्चच्या ऑफिसात विचारा.

स्कापुलर म्हणजे भक्तीची खूण म्हणून गळ्यात घालायचे, दोरीने जोडलेले दोन कापडी तुकडे. त्याचं लोकरी कापड घामाने अंगाला चावतं म्हणून काहीजण ते काढून कपाटात टाकतात आणि पाप लागेल म्हणून घाबरतात. पोप दहावे पायस यांनी 1910 सालीच त्याऐवजी मेडल घालायची मुभा दिली आहे. मात्र पहिल्यांदा धारण करताना कापडाचंच हवं. ते झिजलं तर नव्याला पुन्हा आशीर्वाद लागत नाही.

विकण्याबद्दल एवढंच: आशीर्वादित वस्तू भेट द्या, विकू नका. विकली की तिच्याशी जोडलेली दंडविमोचनाची (पापाच्या शिक्षेतून सूट मिळण्याची) सवलत संपते.

आणि झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, चर्चमधून आणलेली ती झावळी. घड्याळामागे वर्षभर खोचलेली, हात लावला की चुरा होणारी. ती घंटागाडीत जाऊ देऊ नका. राखेच्या बुधवारआधी (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) चर्चमध्ये नेऊन द्या. त्या दिवशी कपाळाला लागते ती राख अशाच जुन्या झावळ्यांची असते.