फूटीतल्या फॉरवर्डचं करिअर कसं वाचायचं

टोनी लॉकेट, २८१ मॅच, १३६० गोल. सॉकर बघून आलेल्या माणसाला हा आकडा छापताना चुकलाय असंच वाटतं, पण चुकलेलं काही नाहीये, ऑस्ट्रेलियन फूटीत (म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये) फुल फॉरवर्ड, म्हणजे समोरच्या टीमच्या गोलपुढेच खेळणारा फॉरवर्ड, खरंच एवढे गोल मारायचे. फक्त नुसता एकूण आकडा बघून "हा मोठा, तो छोटा" असं ठरवलं की गंडायला होतं.

आधी स्कोअर वाचायला शिका. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने मारलेला बॉल कुणाचाही हात न लागता गेला तर गोल, ६ पॉइंट. बाजूच्या फटीतून गेला तर बिहाईंड, १ पॉइंट. लिहिताना १०.१० (७०) असं लिहितात, म्हणजे १० गोल, १० बिहाईंड, एकूण ७०, त्या टिंबाला दशांश समजू नका. आणि एवढे गोल होतात कसे, तर टीममेटने लांबून मारलेली किक हवेत स्वच्छ पकडली की तो मार्क, मग थांबून शांतपणे किक मारायला मिळते. जुन्या फुल फॉरवर्डचं सगळं करिअर या पकडण्यावर आणि त्यानंतरच्या त्या एका किकवर उभं असायचं.

आता गोलांना मॅचेसनी भागा, बॅटिंग ॲव्हरेज काढतो तसंच. लॉकेट ४.८४. त्याच्या आधी रेकॉर्ड ज्याच्या नावावर होता तो कॉलिंगवूड क्लबचा गॉर्डन कॉव्हेंट्री, ३०६ मॅचमध्ये १२९९, म्हणजे ४.२५ च्या आसपास. कॉव्हेंट्री १९३७ ला थांबला आणि त्याचा आकडा मोडायला १९९९ साल उजाडलं, तेही सिडनीत, समोर कॉलिंगवूडच! पण ॲव्हरेजच्या यादीत वर बघाल तर पीटर हडसन दिसेल, १२९ मॅचमध्ये ७२७, म्हणजे ५.६४, आणि त्याच्याखाली एसेंडनचा जॉन कोलमन, ९८ मॅचमध्ये ५३७. एकूण गोलांच्या यादीत हे दोघं बरेच खाली आहेत, म्हणून नवीन माणूस त्यांना ओलांडून पुढे जातो आणि मला ते खरंच लागतं.

म्हणून पुढचं काम, मॅचेस कमी का आहेत ते शोधा. बहुतेक वेळा उत्तर गुडघा असतं. कोलमनने १९४९ ला पहिल्याच मॅचमध्ये १२ गोल मारले, पहिल्याच सीझनमध्ये १००, आणि १९५४ ला गुडघा गेला तेव्हा वय होतं फक्त २५, त्यानंतर एकही मॅच नाही. हडसनने १९७१ ला १५० गोल मारून बॉब प्रॅटच्या १९३४ च्या रेकॉर्डशी बरोबरी केली, आणि पुढच्या सीझनच्या पहिल्याच मॅचमध्ये हाफ टाइमच्या आत ८ गोल झालेले असताना गुडघा दुखावला. ७२७ हा आकडा ही गोष्ट माहीत असताना वाचा, वेगळाच दिसतो. शिवाय हडसन टास्मानियाचा, तिथल्या लीगमधले गोल यात नाहीतच. लीग कुठली ते कायम तपासा, कारण वरचे आकडे एएफएलचे (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) आहेत, १९९० ला हे नाव पडायच्या आधी ती व्हिक्टोरियन फुटबॉल लीग होती आणि साउथ ऑस्ट्रेलियात नॉर्थ ॲडलेडच्या केन फार्मरने २२४ मॅचमध्ये १४१७ गोल मारलेत, जे वरच्या यादीत धरत नाहीत.

सीझनचे गोल बघताना फायनल्स, म्हणजे नेहमीच्या मॅचेस संपल्यावर वरच्या टीम्समध्ये होणाऱ्या शेवटच्या मॅचेस, धरल्यात की नाही ते बघा. सीझनमध्ये सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्याला मिळणारं कोलमन मेडल फक्त होम अँड अवे, म्हणजे नेहमीच्या मॅचेसच्या गोलांवर मिळतं. अलीकडच्या काळातला फॉरवर्ड लान्स फ्रँकलिन, त्याचे २००८ चे गोल कुठे १०२ तर कुठे ११३ दिसतील, दोन्ही बरोबर, दुसऱ्यात फायनल्स आहेत.

मग येतो काळ. फ्रँकलिनचं ॲव्हरेज ३ च्या आसपास आहे, म्हणून तो कमी असं अजिबात म्हणू नका. त्याच्या काळात डिफेन्स पूर्ण टीम मिळून करायला लागली, फॉरवर्डसमोरची मोकळी जागा भरून टाकायची, एकास एक लढत राहिलीच नाही. २००८ नंतर कुणीही सीझनमध्ये १०० गाठलेले नाहीत. अशा काळात त्याने १०६६ केले, आणि २०२२ च्या मार्चमध्ये सिडनीत हजारावा गोल झाला तेव्हा लोक हजारोंनी मैदानात उतरले, मॅच बराच वेळ थांबली.

शेवटी, सगळे आकडे झाल्यावर एक तरी मॅच पूर्ण बघा. माझं ऐकाल तर १९९६ ची प्रिलिमिनरी फायनल (ग्रँड फायनलच्या आधीची, सेमीफायनलसारखी), सिडनी विरुद्ध एसेंडन. स्कोअर बरोबरीत, लॉकेटचं दुखणं त्या आठवड्यात सगळ्यांना माहीत, शेवटच्या क्षणी त्याने मार्क घेतला, वेळ संपल्याचा सायरन वाजला (मार्क आधी घेतला असेल तर किक तरीही मारता येते) आणि त्याने लांबून किक मारली. गोल नाही झाला. बिहाईंड, १ पॉइंट, आणि सिडनी १०.१० (७०) ने ग्रँड फायनलमध्ये. ग्रँड फायनल पुढे नॉर्थ मेलबर्नकडून हरले आणि लॉकेटला प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, कधीच मिळाली नाही, पण सिडनीचे लोक आजही त्या एका पॉइंटबद्दल बोलतात आणि तो त्या १३६० मध्ये कुठेच धरलेला नाही.