सुई टोचण्याआधी आणि टोचल्यानंतर: या चुका टाळा

नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेचे इंजेक्शन देऊन झाले की तिचे दोन्ही हात सुईवर टोपण बसवायला आपोआप धावतात. एका हातात टोपण आणि दुसऱ्या हातात सिरिंज असताना नेम जरा चुकला, की रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई सरळ तर्जनीत जाते. वापरलेल्या सुईला टोपण लावायचे नसते. ती हब कटरने, म्हणजे सुई कापणाऱ्या छोट्या उपकरणाने, तिथल्या तिथे कापायची असते. हब कटर खोलीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर शोभेला ठेवण्याऐवजी ट्रेसोबत रुग्णाच्या खाटेपर्यंत गेला पाहिजे, हा माझा जुना हट्ट आहे. टोपण लावण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर ते ट्रेमध्ये आडवे ठेवून एकाच हाताने सुईवर उचलून घ्यावे. बाजाराच्या दिवशी रांग दारापर्यंत येते, हे मी जाणतो. पण त्या घाईत टोपण लावलेली सिरिंज अ‍ॅप्रनच्या खिशात टाकणाऱ्यांची मला मुळीच कीव येत नाही.

दुसरी चूक याहून वाईट, कारण तिची शिक्षा दुसऱ्यालाच भोगावी लागते. यवतमाळ जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत सिकलसेल तपासणीचे शिबिर होते. मुलांच्या बोटांना टोचलेली लॅन्सेट, म्हणजे रक्ताचा थेंब काढायची छोटी टोकदार पाती, एका पथकाने कापसाच्या बोळ्यांसोबत साध्या पॉलिथिनच्या पिशवीत टाकली, कारण धारदार वस्तूंचा डबा गाडीतच राहिला होता आणि तो आणायला जाण्याचा कंटाळा आला होता. सायंकाळी सफाई करणाऱ्या मावशींनी पिशवी दाबून गाठ मारली आणि लॅन्सेट त्यांच्या तळहातात शिरले. त्यांनी हळद भरली आणि कोणालाही सांगितले नाही. आम्हाला कळले तेव्हा तीन दिवस उलटून गेले होते. विचारले तर म्हणाल्या, ‘‘इतकुशा टोचण्याचं काय सांगाव जी?’’ एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे, म्हणजे पीईपी, 72 तासांनंतर देत नाहीत. लॅन्सेट नेमके कोणाला टोचलेले होते हे सांगण्याचीही सोय उरली नव्हती. हिपॅटायटिस बीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस तर त्यांना कधी मिळालीच नव्हती. ती तेव्हा सुरू केली. पुढे सहा महिने तपासण्या चालल्या आणि सगळे अहवाल निर्दोष आले. ज्यांनी लॅन्सेट पिशवीत टाकली, त्यांना मात्र या काळात एकदाही रक्त द्यावे लागले नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार सुया, ब्लेड आणि लॅन्सेट पांढऱ्या, अर्धपारदर्शक, भोक न पडणाऱ्या डब्यातच जातात. तो डबा सोबत नसेल तर शिबिर सुरूच करू नये, असे माझे मत आहे. तीन चतुर्थांश भरला की तो बंद करावा. वरून दाबून जागा करू नये.

टोचल्यानंतर बोट पिळणे, चोखणे, त्यावर स्पिरिट ओतणे हे सगळे निरुपयोगी किंवा अपायकारक आहे. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे, एवढेच पुरे. ‘टिटॅनसचे इंजेक्शन घेतले, झाले’ हा समज आपल्याकडे फार घट्ट बसलेला आहे. ते इंजेक्शन ना एचआयव्ही रोखते, ना कावीळ. धुऊन होताच वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवावे आणि नोंद करावी. पीईपी लागणार असेल तर पहिली मात्रा शक्यतो दोन तासांत घ्यावी आणि पुढे 28 दिवस गोळ्या एकही दिवस न चुकवता घ्याव्यात. मळमळ होते म्हणून आठवडाभरात गोळ्या सोडणाऱ्यांनी त्या सुरू करण्याची तसदी तरी का घ्यावी, हे मला कळत नाही. कंत्राटी कर्मचारी नोकरीच्या भीतीने गप्प बसतात; परंतु 2017 च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने सुरक्षिततेचे साहित्य, प्रशिक्षण आणि पीईपी पुरवण्याची जबाबदारी संस्थेवरच टाकलेली आहे.

सगळे घाबरतात ते एचआयव्हीला, ज्याचा धोका बाधित रुग्णाची सुई टोचल्यास हजारात तीन इतका असतो. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका मात्र शंभरात सहा ते तीस असतो. तरीही लसीची तिसरी मात्रा चुकवणारे प्रत्येक केंद्रात सापडतात. शून्य, एक आणि सहा महिने असे तिन्ही डोस पूर्ण करावेत आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी तपासून घ्यावी.

काचेचे अँप्युल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाची कुपी, उघड्या बोटांनी मोडू नये, गॉज गुंडाळावा. प्रसूतीच्या वेळी चष्मा लावावा. डोळ्यात रक्त उडालेच तर न चोळता भरपूर पाण्याने धुवावे.

आणि नव्या ठिकाणी रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी एक चौकशी करावी: पीईपीच्या गोळ्यांच्या कपाटाची किल्ली रात्री कोणाकडे असते? ती औषधनिर्माण अधिकाऱ्याच्या घरी, तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला जात असेल, तर अर्ज देऊन ती रात्रपाळीच्या परिचारिकेकडे ठेवून घ्यावी.