लेकरू कुणावर गेलं, हे ठरवायच्या आधी

"बापावर गेलंय, ह्याच्या डोक्यात गणित शिरायचं नाही." हे वाक्य मी स्वतः एका लेकरासमोर बोललोय. केज तालुक्यात तीस वर्षं मास्तरकी केली, त्यात हे अजून बोचतं. पोराला फळाच दिसत नव्हता. चष्मा लागला आणि भागाकार सुटायला लागले. तेव्हापासून कुणी रक्तावर खापर फोडलं की मी त्याला पुढचं सगळं करायला लावतो.

आधी डोळे. भिंतीवर कॅलेंडर टांगा, वीस फुटांवर लेकराला उभं करा, एकेक डोळा झाकून तारखा विचारा. तुम्हाला दिसतंय ते त्याला दिसत नसेल तर तपासायला न्या. कानांसाठी पाठीमागून हळूच नाव घेऊन बघा. सारखं दमत असेल तर हिमोग्लोबिन तपासा.

मग हजेरी. आमच्याकडची खरी मेख इथंच आहे. आई-बाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, निघाले की लेकरू दिवाळीच्या आगंमागं जातं, फडावरच्या कोपीत राहतं आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतं. एका पानावर गैरहजेरीचे महिने लिहा, शेजारी त्या महिन्यांत वर्गात काय शिकवलं ते लिहा. न येणारी गणितं त्याच महिन्यांतली निघतात का बघा. आमच्या गावात एका घरचा थोरला फडावर जायचा, धाकटा आजीजवळ राहून शाळेत जायचा. गाव म्हणायचं, धाकटा हुशार, आजोळावर गेलाय. अहो, आजोळ दोघांचं एकच होतं!

तरी घरातली म्हातारी माणसं 'खाण तशी माती' सोडत नसतील तर जूनमध्ये तुरीचा प्रयोग करा. तेलाचे दोन रिकामे डबे घ्या, बुडाला भोकं पाडा. एकात काळी माती, दुसऱ्यात नुसता मुरूम. घरच्या एकाच पोत्यातली तूर न निवडता मूठभर घ्या, दोन्हीकडे दहा-दहा दाणे टोका. ऊन सारखं, पाणी तांब्यानं मोजून सारखं. महिन्यानं पट्टीनं उंची मोजा. एकाच डब्यात उंच-बुटकं दिसेल, तो बहुतेक बियाण्याचा फरक. एक डबा दुसऱ्यापेक्षा सरसकट खुजा दिसेल, तो मातीचा. रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञानं १९७० साली बियाण्याचा असाच दाखला दिला होता. आपल्या लोकांना तो पुस्तकापेक्षा डब्यात लवकर पटतो. घाई करून आठवड्यातच मोजू नका, तेव्हा दाण्यातल्या शिदोरीवर दोन्हीकडची रोपं सारखीच तरारलेली असतात.

हे सगळं करूनही काही गोष्टी रक्ताच्याच निघतात, ते मान्य करा. लाल-हिरव्यातला गोंधळ घ्या. तो आईकडून मुलाला येतो, आईला स्वतःला बहुधा काही जाणवत नाही. म्हणजे 'मामावर गेलंय' हे इथं अगदी शास्त्राला धरून आहे. संशय आला तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ठिपक्यांतला आकडा ओळखायची तपासणी होते. जन्मापासूनचा हा दोष औषधानं जात नाही. पण खडूंवर कागद चिकटवून 'लाल', 'हिरवा' लिहिलं की चित्रकलेचं रडगाणं त्याच दिवशी थांबतं. पिकलेल्या मिरच्या तोडायला मात्र त्याला धाडू नका. माझ्या ओळखीतल्या एका मामाला धाडलं होतं, निम्मी पाटी हिरवी आली.