मृत्युपत्र नसेल तर आधी वंशावळ मांडा

घरातलं माणूस मृत्युपत्र न करता गेलं, की लगेच वकील गाठावाच लागतो असं नाही. वारसांत भांडण नसेल तर बरीच कामं आपली आपल्याला होतात. आमच्या काकांच्या मागचं सगळं मीच निस्तरलं.

मृत्यू दाखल्याच्या चार-पाच प्रती आधीच काढा. मग कोऱ्या कागदावर वंशावळ मांडा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत बायको, आई, प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी यांना सारखा वाटा. आधी वारलेल्या मुलाचा वाटा त्याच्या बायकामुलांना, मुलीचा तिच्या मुलांना. ‘ताईचं लग्न झालंय, तिचं नाव कशाला?’ म्हणणारं कुणीतरी निघतंच. त्यांना चहा द्या आणि ताईचं नाव लिहा.

शेतजमिनीसाठी तलाठी कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज द्यायचा. ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरूनही करता येतो. मुदत मृत्यूपासून तीन महिन्यांची. सोबत दाखला, सातबारा आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र. चौकशी होऊन नोंद वारस रजिस्टरला लागते, फेरफार म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल धरला जातो, नोटिसा निघतात. हरकत आली नाही की मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. नवा सातबारा हातात घेऊन एकेक नाव अक्षर लावून वाचा.

खरं घोडं अडतं ते नावात. काका सातबाऱ्यावर ‘दत्तू’, आधारवर ‘दत्तात्रय’ आणि पासबुकात नुसतंच ‘डी. के.’! ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच करून ठेवलं, म्हणून पुढे कुणी परत पाठवलं नाही.

बँकेत नॉमिनी असेल तर पैसे त्याच्या हातात पडतात, पण तो मालक होत नाही. वारसांचा हक्क तसाच राहतो. नॉमिनी नसेल तर ठरावीक रकमेपर्यंत वारसांची संमती आणि इंडेम्निटी बाँड, म्हणजे नुकसान भरून देण्याची लेखी हमी, चालते. त्यावरच्या रकमेला कोर्टाचा वारसा दाखला लागू शकतो. आणि गेलेल्या माणसाचं एटीएम कार्ड वापरू नका, पिन माहीत असला तरी.

कुणाला आपखुशीने वाटा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच घ्या. साध्या कागदावरची सही तिथे चालत नाही. वारसांत कुणी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेल, तर त्याचा जमिनीतला वाटा आईलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही. तिथे मात्र वकिलाची फी वाचवू नका.