लेण्याचा नकाशा काढताय? गुण्या घरीच ठेवा

लेण्याचा नकाशा हाताने मोजून काढायला मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या विजासन लेण्यात शिकलो, तेव्हा उदाहरणंही तिथलीच देतो. नागपूरहून बुटीबोरी, जाम, वरोरा करत सकाळी पोचता येतं. डोंगरात सरळ आत जाणारा लांब बोळ, त्याच्या टोकाला बसलेला बुद्ध, बोळाला दोन बाजूंना दोन फाटे आणि त्यांच्याही शेवटी बुद्धमूर्ती. इंग्रज पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७० च्या दशकात या लेण्याची नोंद केली होती. दिसायला इतकं सोपं की कोणीही म्हणेल, दोन तासांचं काम. मला तीन फेऱ्या लागल्या.

परवानगीचं आधी बघा. केंद्र-संरक्षित स्मारकात नुसते फोटो काढायला सहसा हरकत नसते, पण ट्रायपॉड लावायचा किंवा मोजमापाचं काम करायचं तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला लेखी विचारा. त्यांचं मंडळ कार्यालय नागपुरातच आहे. बुद्धपौर्णिमेला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास जाऊ नका. लोक वंदनेला येतात आणि तुमची दोरी त्यांच्या पायात येते. चपला बाहेर. मे महिन्यात जाणाऱ्याला मी काही सांगत नाही.

सामान: ३० मीटरची फायबर टेप, लेसर मीटर, ओळंबा, सुताची दोरी, गवंड्याचा लेव्हल पाइप (पातळी बघायची पाणी भरलेली पारदर्शक नळी), ग्राफ पेपर, पेन्सिल, हेडलॅम्प. पेन नको, दमट कागदावर शाई पसरते. भिंतीत खिळा, खडूची खूण, स्टिकर यांतलं काहीही चालणार नाही. दोरी बांधायला वाळूच्या पिशव्या न्या.

मोबाइल फिरवून त्रिमितीय मॉडेल बनवायचा सल्ला हल्ली फार ऐकू येतो. मॉडेल बनतं, दिसतंही झकास. पण लांब, अंधाऱ्या, दोन्हीकडे सारख्याच दिसणाऱ्या बोळात स्कॅन हळूहळू भरकटतो आणि सरळ बोळ केळ्यासारखा वाकतो. हाताने मोजलेले पाच-सहा पक्के बिंदू नसतील, तर तो कुठे वाकला हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही. म्हणून आधी टेप, मग मोबाइल.

पहिलं काम पातळीची रेषा. लेण्याची जमीन कुठे उतरती, कुठे झिजलेली, म्हणून उंची जमिनीपासून मोजू नका. लेव्हल पाइपने सगळीकडे एकच पातळी घ्या, दोरी ताणा आणि तिच्यापासून वर-खाली मोजा. पाण्यात थोडी नीळ टाकली की अंधारात दिसतं. माझ्या पहिल्या फेरीत पातळी दर वेळी वेगळी येत होती. सोबतचा गवंडी शेवटी म्हणाला, "भाऊ, पाइप झटका ना, बुडबुडा बसला आत." अर्धा दिवस त्या बुडबुड्याने खाल्ला.

मग बोळात आधाररेषा. तोंडापासून मूर्तीपर्यंत एकच दोरी, तिच्या बाजूने टेप, आणि शून्य एकाच जागी. तुकड्यातुकड्याने मोजून बेरीज करायची नाही. दर तुकड्याला एक सेंटिमीटर चुकलात आणि सगळ्या चुका एकाच दिशेच्या निघाल्या, तर वीस तुकड्यांत वीस सेंटिमीटर गेले. दोरीपासून भिंतीचं अंतर घेताना काटकोन डोळ्याने ठरवू नका. टेपचं शून्य भिंतीच्या बिंदूवर धरा, दुसरं टोक दोरीवर झुलवा. सगळ्यांत लहान आकडा येईल तिथे काटकोन. १:५० च्या नकाशात अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे अडीच सेंटिमीटर, तेव्हा मिलिमीटर लिहून कोणाला दाखवायचे?

आता फाट्याची जागा. मी इथेच आपटलो.

पहिल्या वेळी मी कोपऱ्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं गवंड्याचं हत्यार, लावला, काटकोनासारखा वाटला आणि फाटा ९० अंशांत काढून मोकळा झालो. घरी कागदावर उतरवलं तर आतल्या दोन जागांमधला खडक इतका पातळ निघाला की भिंत केव्हाच कोसळायला हवी होती. एक अंश चुकला तर वीस मीटर आत पस्तीस सेंटिमीटरचा फरक पडतो. गुण्याचा हात फूटभर, त्याला हा एक अंश दिसणार कुठून? शिवाय छिन्नीने कोरलेला कोपरा सरळ नसतोच. होकायंत्रावरही विसंबू नका. दाराची लोखंडी जाळी सुई ओढते आणि अजिंठ्यासारख्या बेसाल्टमध्ये खडकच ओढतो.

दुसऱ्या फेरीत त्रिकोण केला. दोन दोऱ्या जिथे मिळतात तिथून दोन्हींवर ठरावीक अंतर मोजायचं, मग त्या दोन बिंदूंमधलं अंतर. तीन बाजू कळल्या की कोन आपोआप ठरतो. पण दोऱ्या मी बोळांच्या मधोमध ताणल्या होत्या. थोडं पुढे गेलो की तिसरी बाजू खडकाच्या कोपऱ्याला अडायची, म्हणून मीटरभरच घेतलं. एवढ्याशा त्रिकोणात तिसरी बाजू एक सेंटिमीटर चुकली की कोन पाऊण अंशाहून जास्त हलतो, म्हणजे पंधरा मीटर आत वीसेक सेंटिमीटर. गुण्यापेक्षा बरं, पण नकाशा तरीही खोटाच.

तिसऱ्या फेरीत डोकं चाललं. दोऱ्या मधोमध कशाला? आड येणाऱ्या कोपऱ्यापासून त्या लांब सरकवा. मुख्य बोळातली दोरी फाट्याच्या समोरच्या भिंतीला लागून, आणि फाट्यातली दोरी त्या कोपऱ्याच्या पलीकडच्या भिंतीला लागून, मुख्य दोरीला मिळेपर्यंत ताणलेली. दोन्ही बोळ दोन-दोन मीटर रुंद असतील तर आता त्रिकोणाची बाजू जवळजवळ चार मीटरपर्यंत जाते. तीन मीटर घ्या. तेवढ्यात एक सेंटिमीटरची चूक झाली तरी पंधरा मीटर आत सात सेंटिमीटरच. मग दोरी उलट्या बाजूला नेऊन दुसऱ्या कोपऱ्याशीही हाच त्रिकोण करा. फाट्याची दिशा दोन्ही वेळा एकच निघायला हवी. नाही निघाली तर तिथेच, जेवणाचा डबा न उघडता, पुन्हा मोजा. घरी गेल्यावर डोंगर परत बोलवता येत नाही.

गाभाऱ्यात जागा मोकळी असते. तिथे दोन बिंदूंपासून प्रत्येक कोपऱ्याचं अंतर घ्या आणि दोन्ही कर्ण मोजा. फक्त दोन बिंदू एकमेकांच्या फार जवळ नकोत. दोन मापं अगदी तिरकी छेदली की बिंदू कागदावर घसरतो. मूर्तीला टेप लावायची नाही. लेसरने मोजा, तोही डोळ्यांवर न मारता.

बाकीचं सोपं आहे. उभा छेद, म्हणजे लेणं उभं कापल्यासारखं चित्र, पातळीच्या दोरीवरून. दाराच्या खाचा, कोनाडे, दगडी बाक वेगळ्या कागदावर, मोठ्या स्केलला. छिन्नीच्या खुणांचा फोटो टॉर्च बाजूने तिरका धरून, शेजारी मोजपट्टी. वटवाघळं उडाली तर बसून राहा. मेणबत्तीची काजळी खरवडून खाली काय आहे ते बघू नका.

कच्चा नकाशा त्याच रात्री पक्का करा, भद्रावतीलाच मुक्काम ठेवून. काढताना पहिल्यांदा बोळ आणि फाटे यांच्यामधल्या खडकाची जाडी बघा. ती एखाद्या जागी वीतभर निघाली, तर सकाळी आधी त्याच फाट्यापाशी दोरी लावा.