जांघेत गाठ आली? आधी पाय तपासा

सर्जरीच्या ओपीडीत नर्स म्हणून काम करताना जांघेतली गाठ दाखवायला आलेल्या माणसाला मी आधी मोजे काढायला सांगते. पाय, नितंब, बेंबीखालची कातडी, जननेंद्रियं आणि गुदद्वार यांच्याकडचा लसीकाद्रव (लिम्फ, म्हणजे शरीरात फिरणारा पाण्यासारखा द्रव) जांघेतल्या लसीका गाठींत येतो. म्हणून बोटांच्या बेचक्यात पाहा. चिखल्यांनी पांढरी, ओली, चिरलेली कातडी, आत रुतलेलं नख, टाचेची भेग, दाढीच्या ब्लेडने आलेली पुळी, एवढ्यानेही अवधाण येतं. अशी गाठ बहुधा दुखरी असते आणि मूळ जखम बरी झाली की हळूहळू ओसरते. ती दाबत, चोळत बसू नका.

पायावर काही सापडलं नाही, तर जननेंद्रियांकडे पाहा. न दुखणारा व्रण सिफिलिसचा असू शकतो, दुखरे फोड हर्पिसचे. लाजेपोटी हे लपवू नका, कृपा करून. तपासणी साधी असते, उपचारही आहेत.

खोकल्यावर फुगणारी, आडवं झाल्यावर आत जाणारी गाठ बहुधा हर्निया असते. ती आत जाईना, दुखू लागली, उलट्या झाल्या, तर लगेच हॉस्पिटल गाठा.

वाटाण्याएवढी मऊ, हलणारी गाठ अनेक निरोगी माणसांनाही लागते. पण 2 सेंटिमीटरपेक्षा मोठी, कडक, न हलणारी, वाढत जाणारी किंवा 3-4 आठवड्यांतही न ओसरलेली गाठ डॉक्टरांना दाखवाच. सोबत ताप, रात्री दरदरून घाम किंवा वजनात घट असेल तर तेवढंही थांबू नका; क्षयरोग आणि लिम्फोमा (लसीका गाठींचा कॅन्सर) तपासावे लागतात.